निरोप्याची ओळख

परमेश्वर मुका नाही, तो बोलतो आणि त्याचे बोलणे माणसापर्यंत बहुधा माणसाच्याच तोंडून येते, हे ख्रिस्ती श्रद्धेचे एक मूलभूत गृहीत आहे. ईश्वराने आपण होऊन स्वतःला उघड करणे, याला ख्रिस्ती धर्मशास्त्रात प्रकटीकरण अशी संज्ञा आहे, आणि या संज्ञेचा गाभा असा की इथे पुढाकार ईश्वराचा असतो, माणसाचा नव्हे. पुढाकार त्याचा, तेव्हा निरोप कोणाच्या हाती धाडायचा हेही तोच ठरवणार. ऐकणाऱ्याला निरोप्या निवडता येत नाही. मात्र कानावर आलेले शब्द खरोखर निरोप आहेत की नुसता गलका, हे ठरवण्याची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून उतरत नाही. निवडीचा अधिकार नाही आणि पारखण्याचे कर्तव्य मात्र आहे, अशा या अडचणीच्या जागी उभे राहून मराठी ख्रिस्ती परंपरेकडे पाहिले, तर गेल्या चारशे वर्षांत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. निरोप ओळखण्यातला अडसर निरोप्याच्या गरिबीत किंवा अडाणीपणात क्वचितच होता. तो ऐकणारा ज्या पायरीवर उभा होता त्या पायरीत होता, आणि ज्यांनी निरोप ओळखला त्यांना ती पायरी सोडावी लागली. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन एवढेच आहे.

हे व्याख्यान दिल्लीत ज्या रस्त्यावर होत आहे, त्या रस्त्याचे नावही या विषयाला परके नाही. मंडी हाउसच्या चौकाला मिळणारा कोपर्निकस मार्ग दिल्लीकर मराठी माणसाला जुन्या महाराष्ट्र सदनामुळे आणि बाकीच्यांना कमानी सभागृह, रवींद्र भवन आणि दूरदर्शन भवन यांच्यामुळे परिचित आहे. परंतु ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो निकोलस कोपर्निकस (१४७३–१५४३) चर्चचाच माणूस होता, हे सहसा लक्षात येत नाही. फ्रोम्बोर्क येथील कॅथीड्रलचा तो कॅनन होता, म्हणजे बिशपच्या मुख्य देवळाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा सभासद होता. जमिनींचे व्यवहार पाहावेत, आजाऱ्यांना औषध द्यावे आणि उरलेल्या वेळात आकाशाचे गणित करावे, असा त्याचा दिनक्रम होता. विद्यापीठातले अध्यासन त्याच्याकडे नव्हते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो पोप तिसरा पॉल यांना अर्पण केलेला होता. तरीही १६१६ मध्ये रोमने, दुरुस्त्या होईपर्यंत तो वाचू नये, असा हुकूम काढला. आपल्याच देवळाच्या हिशेबनिसाकडून सृष्टीविषयी काही ऐकून घेण्याची चर्चच्या अधिकाऱ्यांची तयारी नव्हती.

त्याच १६१६ मध्ये गोव्यातल्या राशोल येथे थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट, म्हणजे इग्नेशियस लोयोला यांनी स्थापन केलेल्या येशूसंघाचे धर्मगुरू. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये देह ठेवेपर्यंत तिथेच राहिले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी भाषेच्या गौरवासाठी नेहमी आठवला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु तो का लिहिला गेला याची ग्रंथातच सांगितलेली हकिकत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. साष्टीतल्या एका देवळात पाद्री मुलांना धर्मशिक्षण देत असताना एक ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो की जुनी पुराणे आता आम्हांला बंद झाली, तर त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला दुसरे पुराण का असू नये. हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नव्हता. पोर्तुगीज सत्तेखालच्या गोव्यात देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आली होती आणि विचारणारा माणूस ज्यांचे सगळे गेले होते त्यांच्यापैकी होता. त्याच्या विनंतीत तक्रारही होती. सत्तेच्या बाजूला बसलेल्या धर्मगुरूला ती उर्मटपणा म्हणून झटकता आली असती. स्टीफन्स यांनी ती आपल्यावर सोपवलेले काम म्हणून ऐकली आणि त्यासाठी स्वतःच्या भाषेची, स्वतःच्या गद्य प्रवचनाच्या सवयीची पायरी सोडून ते ओवीपाशी आले. मराठीतला पहिला थोर ख्रिस्ती ग्रंथ व्यासपीठावरून खाली आलेल्या उपदेशातून जन्मलेला नाही. समोर बसलेल्या श्रोत्याने विचारलेल्या प्रश्नातून जन्मलेला आहे.

बायबलमध्ये अशा निरोप्यांची कमतरता नाही. देवाच्या वतीने बोलणाऱ्या माणसाला तिथे संदेष्टा म्हटले जाते, आणि संदेष्टेपण वंशपरंपरेने किंवा शिक्षणाने मिळत नाही याची साक्ष आमोस देतो. तो गुरे राखणारा आणि उंबराची फळे गोळा करणारा होता. अरामचा सेनापती नामान कोडाने ग्रासलेला असताना, ज्या इस्राएलात बरे होण्याचा मार्ग होता त्या देशाची वार्ता त्याला स्वतःच्याच घरातल्या, लढाईत पकडून आणलेल्या एका पोरीकडून कळते. ग्रंथकाराने तिचे नावही दिलेले नाही. पुढे अलीशा संदेष्टा त्याला यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगतो तेव्हा सेनापतीचा पारा चढतो, कारण एवढ्या मोठ्या माणसासाठी काही मोठा विधी व्हायला हवा होता. त्याची समजूत घालणारे पुन्हा त्याचे नोकरच असतात. नासरेथमध्ये अडचण उलट्या बाजूने येते. येशूचे बोलणे ऐकून गावकरी थक्क होतात खरे, पण हा तर आपल्यातलाच सुतार, याची आई आणि भाऊ आपल्या ओळखीचे, एवढ्याच कारणावरून ते अडखळतात. परका म्हणून जसे ऐकले जात नाही, तसेच रोजच्या ओळखीतला म्हणूनही ऐकले जात नाही, आणि दुसरा अडथळा पहिल्याहून अवघड असतो.

प्रेषितांच्या कृत्यांतल्या बाराव्या अध्यायात रुदा नावाची एक मोलकरीण येते, आणि तिची गोष्ट उपदेशांत फारशी सांगितली जात नाही. पेत्र तुरुंगात आहे, यरुशलेमेतले ख्रिस्ती लोक मरीयेच्या घरी जमून त्याच्यासाठी प्रार्थना करत आहेत, आणि दारावर थाप पडते. रुदा दाराशी जाते, पेत्राचा आवाज ओळखते, आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावत येऊन सांगते की पेत्र बाहेर उभा आहे. प्रार्थनेला बसलेली मंडळी तिला वेडी ठरवतात. ती हट्टाने तेच सांगत राहते तेव्हा तो त्याचा देवदूत असेल असे म्हणून विषय मिटवतात. ज्यासाठी ते रात्रभर विनवणी करत होते तेच उत्तर दारात उभे होते, आणि ते आणणारी बाई मोलकरीण होती म्हणून कोणी जागचे हलले नाही. देवदूत त्यांना पटला, मोलकरीण पटली नाही. ही चेष्टा परक्यांची नाही, श्रद्धावंतांची आहे, आणि लूकने ती चर्चच्या इतिहासाच्या आरंभीच नोंदवून ठेवली आहे.

देहधारण या सिद्धान्ताचा अर्थ इथे विचारात घ्यावा लागतो. देवाच्या पुत्राने मानवी देह स्वीकारला, तो एका कारागिराच्या घरात वाढला, लाकडाची कामे करून जगला, असे ख्रिस्ती माणूस मानतो. हे खरे मानले तर सामान्य माणसाच्या तोंडून देवाने बोलणे ही अधूनमधून घडणारी विलक्षण गोष्ट राहत नाही. ती देवाची रीत ठरते. असामान्य निरोप्याची वाट पाहणे हेच मग श्रद्धेतले वैगुण्य म्हणावे लागते.

मराठी मुलखात या रीतीची सर्वांत खोल ओळख पंडिता रमाबाईंना पटली. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या मुलीला आई लक्ष्मीबाईंनी संस्कृत शिकवले होते. भागवताचे हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या होत्या. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती स्त्रियांच्या मठात, राहिल्या. या भगिनींनी त्यांना लंडनमधल्या फुलहॅम येथे चालवलेला एक आश्रय दाखवला. समाज ज्यांना पतित म्हणून दाराबाहेर ठेवतो अशा स्त्रिया तिथे राहत होत्या, आणि एकेकाळी तशाच असलेल्या काही जणी आता इतरांची सेवा करत होत्या. धर्मशास्त्रांनी अशा बाईसाठी काय शिक्षा सांगितली आहे हे रमाबाईंना तोंडपाठ होते. म्हणून ख्रिस्ती लोकांना यांची कणव का येते, असे त्यांनी विचारले. एका भगिनीने त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय ठेवला, ज्यात येशू विहिरीकाठी एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि तिच्याशी उपासनेसारख्या गहन विषयावर बोलतो. १९०७ मध्ये इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग आपल्या आयुष्याचे वळण म्हणून सांगितला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा व मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

शोमरोनी बाईची गोष्ट इथे थोडी थांबून पाहण्याजोगी आहे. यहुदी लोक शोमरोन्यांशी खाणेपिणे ठेवत नसत. त्यातून ती बाई, आणि तिचे पाच संसार होऊन गेलेले. ती भर दुपारी पाण्याला येते. संवाद संपतो तेव्हा ती आपला घडा विहिरीवरच टाकून गावात जाते आणि लोकांना बोलावते, आणि गाव तिच्या सांगण्यावरून येते. शिष्य जेवण आणायला गेलेले होते, परतल्यावर त्यांना नवल वाटते ते येशू बाईशी बोलतो याचे. संबंध गावात वार्ता नेण्याचे काम त्या दिवशी बारांपैकी एकानेही केले नाही, ते तिने केले. संस्कृतात वाद जिंकणाऱ्या पंडितेला ख्रिस्ताचा निरोप मिळाला तो अशा बाईच्या कथेतून आणि तशाच बायकांच्या वस्तीतून. कोणत्याही धर्मपंडिताच्या युक्तिवादातून मिळाला नाही. तिथे शिकायचे तर पंडितेची पायरी सोडणे भाग होते आणि रमाबाईंनी ती सोडली.

चर्चने मात्र त्यांच्या बाबतीत तेच औदार्य दाखवले, असे म्हणता येत नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्या छत्राखाली रमाबाई शिकत व शिकवत असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. त्यांच्या धर्ममातेसमान असलेल्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव अशा) मतांवरून रमाबाईंचा पत्रांतून वाद झडला, आणि या पत्रव्यवहारात रमाबाईंचा आग्रह एकच दिसतो: आपल्या सदसद्विवेकाचा आवाज पाद्र्यांच्या आज्ञेपुढे गप्प बसवता येणार नाही. धर्मांतरित विदुषी म्हणून मिरवायला चर्च तयार होते. तिच्याकडून काही ऐकून घ्यायला फारसे तयार नव्हते. शोमरोनी बाईचे गावकरी या बाबतीत अधिक शहाणे होते.

रमाबाईंनी स्वतः काय केले हे केडगावात दिसते. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले, ते पुढे पुण्याला नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन आल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी अशाच उपासमारीत गमावले होते, तेव्हा हाडांचे सापळे झालेल्या त्या मुली त्यांना परक्या नव्हत्या. दौंडजवळच्या केडगावी मुक्ती सदन उभे राहिले आणि १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आंधळ्या स्त्रियांसाठीच्या घराला बार्तीमी सदन असे नाव दिले गेले, ते मार्कच्या शुभवर्तमानातल्या बार्तीमय नावाच्या आंधळ्या भिकाऱ्यावरून. गर्दी त्याला गप्प राहा म्हणून दटावत असताना, जाणारा येशू कोण आहे हे त्याने डोळसांच्या आधी ओळखले होते. मनोरमाबाईंनी या स्त्रियांना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी शिकवली. ज्यांना वाचून दाखवले जाईल एवढीच ज्यांची लायकी समजली जात होती, त्या स्वतः वाचू लागल्या.

जून १९०५ च्या अखेरीस मुक्तीमध्ये जे घडले त्याला ख्रिस्ती परिभाषेत संजीवन म्हणतात, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने एखाद्या समुदायात पश्चात्ताप आणि प्रार्थना यांची लाट येणे. तिथे काम करणाऱ्या अमेरिकन मिशनरी मिनी ॲब्रॅम्स यांनी लिहून ठेवलेल्या हकिकतीप्रमाणे, पहाटेच्या अंधारात एका मुलीला आपल्यावर अग्नी उतरल्याची अनुभूती आली. शेजारच्या मुलीला खरोखरच आग दिसली आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. ओतणार एवढ्यात तिला कळले की मुलगी पेटलेली नाही. पुढचे कित्येक दिवस मुली रडत होत्या, आपली चोरी, खोटेपणा, भांडणे कबूल करत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करत होत्या. हा निरोप बिशपला आला नाही, पाद्र्याला आला नाही, पंडितेलाही आधी आला नाही. दुष्काळातून उचलून आणलेल्या पोरींना आला. पाश्चात्त्य पाहुण्यांपैकी पुष्कळांना तो उन्माद वाटला. रमाबाईंनी तो थोपवला नाही. पोरींच्या वागण्यात काय उतरते याकडे त्यांनी लक्ष ठेवले, आणि प्रार्थनेसाठी तयार झालेल्या टोळ्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान घेऊन जाऊ लागल्या तेव्हा त्यांनी पाठवणी केली. बादली घेऊन धावलेल्या मुलीचाही मान राखावा लागेल. देवाचा अग्नी आणि चुलीचा अग्नी यांतला फरक तिने जवळ जाऊन पाहिल्यावर ठरवला, आणि पारख याहून वेगळी काय असते?

मुक्तीतले सर्वांत टिकाऊ काम छापखान्यातले होते. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून संबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. पंडिती वळणाच्या शब्दांशी कितीही सख्य असले तरी ते टाळून, खेड्यातल्या अल्पशिक्षित बाईला वाचता येईल अशी भाषा त्यांनी योजली. हा मजकूर छापला तो आश्रमातल्या बायकांनी. जुळारी, म्हणजे खिळे जुळवून ओळ उभी करणारा कामगार, हे काम तेव्हा सर्वत्र पुरुषांचे मानले जाई. केडगावच्या छापखान्यात दुष्काळातून आलेल्या स्त्रिया खान्याखान्यांच्या पेटीसमोर उभ्या राहून एकेक खिळा उचलत, उलट्या अक्षरांत ओळ वाचत, काना-मात्रा-वेलांटीचे सुटे तुकडे जागच्या जागी बसवत, फर्मा बांधत आणि त्यावर शाईचा हात फिरवत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, तोवर अखेरच्या दिवसांतही मुद्रिते तपासण्याचे त्यांचे काम चालू होते. पूर्ण बायबल त्यानंतर प्रसिद्ध झाले. सामान्य माणसाच्या तोंडून देव बोलतो, हे वाक्य अलंकारिक वाटण्याचा धोका असतो. केडगावात ते शब्दशः घडले: देवाचा निरोप अशा हातांनी जुळवला ज्या हातांना त्यांच्या गावाने भाकरसुद्धा दिली नव्हती.

कवी नारायण वामन टिळकांच्या बाबतीत निरोप्या इतका अनोळखी होता की तो कोण हे टिळकांना अखेरपर्यंत कळले नाही. राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या गृहस्थाशी त्यांची गाठ पडली, कवितेवर गप्पा झाल्या, आणि उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवून तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. त्या भाकितापेक्षा पुढचे वर्तन महत्त्वाचे आहे. टिळकांनी त्या माणसाचा शोध घेत बसण्याऐवजी हाती आलेले पुस्तक वाचायला घेतले आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तोही त्यांनी भारतीय पाळकाच्या हातून घेतला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची कबुली प्रसिद्धच आहे. देहूच्या वाण्याला त्यांनी ख्रिस्ताचा निरोप्या मानले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार भरवला तेव्हा त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही जागा ठेवली.

परंतु टिळकांच्या घरातला खरा विलक्षण श्रोता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. सोवळ्याओवळ्याच्या कडक आचारात त्या वाढल्या, शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, आणि नवऱ्याच्या धर्मांतराने त्यांचा संसार पाच वर्षे मोडला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही: नवऱ्याच्या युक्तिवादाने त्या बदलल्या नाहीत, आणि टिळकांनीही रेटा लावला नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात एके दिवशी उभा राहिला, आणि माणसाने केला असे उत्तर येताच त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. तत्त्वज्ञाने वाचलेल्या पुरुषांनी सभांमधून जे मांडायचे ते एका बाईने पाण्याचा घोट घेऊन करून दाखवले. टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम याच बाईने केले. ग्रंथाचा मोठा भाग तिच्या हातचा आहे. गावोगावच्या मंडळ्यांत आजही टिळकांचे नाव आदराने घेतले जाते, लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे कौतुक होते, आणि त्यांच्या धर्मचिंतनाकडे मात्र दुर्लक्ष होते. हे दुर्लक्ष अन्यायाचे आहे.

पारख करण्याचा प्रश्न अजून उरतोच. प्रत्येक सामान्य माणसाचे प्रत्येक बोलणे देवाचे असे कोणी म्हणत नाही. आत्म्यांची पारख, म्हणजे कोणती प्रेरणा देवाची आणि कोणती नाही हे ठरवणे, याविषयी पौल थेस्सलनीकाकरांना दुहेरी सूचना देतो: संदेशांना तुच्छ लेखू नका, आणि सर्व गोष्टी पडताळून जे चांगले ते धरा. ख्रिस्ती परंपरेत या पडताळणीच्या कसोट्या अनेक आहेत, पण व्यवहारात त्यांपैकी एकीचा फार उपयोग होतो: निरोप ऐकून ऐकणाऱ्याला काही सोडावे लागते की नाही. जो निरोप ऐकणाऱ्याच्या सोयीचाच निघतो त्याबद्दल शंका घ्यावी. गरिबाच्या भाबडेपणात देव शोधणारा आणि त्याला मजुरी कमी देणारा माणूस निरोप ऐकत नसतो. तो गरिबाचा वापर करत असतो. हा धोका ख्रिस्ती भक्तिसाहित्यात फार आढळतो. दुःखी चेहऱ्यात ख्रिस्त पाहण्याची भाषा सोपी आहे, आणि त्या चेहऱ्याचे म्हणणे ऐकणे अवघड.

दिल्लीत या अवघड बाजूचे उदाहरण चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचे आहे. १९०४ मध्ये केंब्रिज मिशनतर्फे ते सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकवायला आले. दोन वर्षांनी प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा ते इंग्रजालाच मिळावे हा संकेत झुगारून त्यांनी सुशीलकुमार रुद्र यांच्या हाताखाली काम करण्याचा आग्रह धरला, आणि रुद्र पहिले भारतीय प्राचार्य झाले. दिल्लीचे मौलवी झकाउल्ला यांच्याकडून आपण श्रद्धेविषयी काय शिकलो हे त्यांनी पुढे त्यांचे चरित्र लिहून सांगितले. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी एक गिरमिटिया मजूर पाहिला, म्हणजे करारनाम्याने बांधून नेलेला हिंदी मजूर. मळ्यावरून पळालेल्या त्या माणसाची पाठ फटक्यांनी सोललेली होती. पुढे एका आजारातून उठत असताना त्यांना तोच चेहरा डोळ्यांपुढे दिसला आणि पाहता पाहता तो ख्रिस्ताचा झाला. इतक्यावर हा अनुभव भक्तीच्या कवितेत संपला असता. अँड्र्यूज १९१५ मध्ये पिअर्सन या सहकाऱ्याबरोबर फिजीला गेले, ऊसमळ्यांवरच्या बराकींत फिरले, मजुरांच्या जबान्या ऐकल्या आणि अहवाल लिहिला. गिरमिट पद्धती बंद करण्याच्या चळवळीत त्या अहवालाचा मोठा वाटा होता. ज्याच्या चेहऱ्यात ख्रिस्त दिसला त्याचे म्हणणे कागदावर उतरवून सरकारपुढे ठेवणे, ही त्या दर्शनाची पडताळणी होती.

ख्रिस्ती लोकांनी ऐकण्याची तयारी दाखवल्याचे महाराष्ट्रातले एक फार जुने उदाहरण पंथाबाहेरचे आहे. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत एक निबंध छापला. लिहिणारी मुक्ता साळवे ही जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी होती. मांग-महारांच्या दुःखाविषयीच्या या निबंधात ती पेशवाईतल्या छळाचे, वेद ज्यांच्यासाठी बंद त्यांच्या धर्महीनतेचे आणि उघड्यावर बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांचे वर्णन करते, आणि देवाला उद्देशून विचारते की आमचा धर्म कोणता ते सांग. ती ख्रिस्ती नव्हती आणि तिच्या शब्दांवर ख्रिस्ती मालकी सांगणे चूक ठरेल. तरीही ईयोब आणि स्तोत्रकर्ते वाचलेल्या कोणालाही हा सूर ओळखीचा वाटेल: देवाशी भांडण करणारी श्रद्धा ही संदेष्ट्यांची श्रद्धा आहे. ‘ज्ञानोदय’च्या संपादकांना तो ओळखता आला, म्हणून त्यांनी एका मांगाच्या पोरीचे शब्द आपल्या पानांवर घेतले.

त्यानंतरच्या काळात अशा मिशनांनी बायबल-बाया नेमल्या. घरोघर फिरून, जनानखान्यांत आणि महारवाड्यांत शास्त्र वाचून दाखवणाऱ्या या मराठी स्त्रियांच्या पायपिटीवर गावोगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि अहवालांत त्यांच्यापैकी बऱ्याच जणींची नोंद नुसती संख्या म्हणून झाली. १९७० मध्ये स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने पुढे स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्याचे मान्य केले. तरी रविवारी व्यासपीठावर कोण उभे राहते आणि उपासना संपल्यावर सतरंज्या कोण गुंडाळते, ही विभागणी बहुतेक मंडळ्यांत अजून तशीच आहे, आणि जातीची जुनी रेघ तिच्याखालून जाते. मुक्ता साळवेच्या निबंधाचे आज पुनःपुन्हा पुनर्मुद्रण होते, अभ्यासक्रमांत तो नेमला जातो. चौदाव्या वर्षी एवढे लिहिणाऱ्या त्या मुलीचा दुसरा एकही लेख उपलब्ध नाही.